दहा हजार रणगाडे आणि एक हरीण

नमस्कार श्रोतेहो.

संगणकावर लढाया खेळणाऱ्या मंडळींच्या घरात सध्या एकच चर्चा आहे. अवाढव्य मैदानावरचा रिअल टाइम स्ट्रॅटेजी खेळ, म्हणजे पाळी न बघता सगळ्यांनी एकाच वेळी आपापलं सैन्य हलवायचं तो, पुन्हा येणार. असे दोन-तीन खेळ वाटेवर आहेत. नावं घेत नाही. नाव घेतलं की जाहिरात होते, आणि जाहिरातींसाठी आपल्याकडे वेगळी वेळ राखलेली आहे. सगळ्यांच्या झलकीत आकडा मात्र ठळक असतो : एका मैदानावर दहा हजार रणगाडे. लक्षात ठेवा, दहा हजार. या आकड्याकडे परत यायचंय.

ज्यांनी 2007 सालचा सुप्रीम कमांडर खेळलाय, त्यांच्या तोंडाला पाणी सुटणारच. माउसचं चाक फिरवलं की एका रणगाड्यावरून नजर सरळ अख्ख्या नकाशावर जायची. सर्वांत मोठा नकाशा 81 किलोमीटर लांब, 81 किलोमीटर रुंद. पुण्याहून निघालात तर लोणावळा मागे पडून घाट उतरायला लागाल, एवढा. पण त्याच मंडळींना पुढचंही आठवत असेल. आठ जण खेळायला बसले, पहिली वीस मिनिटं मजेत गेली, आणि मग खेळातलं घड्याळच रेंगाळायला लागलं. खेळातलं एक मिनिट सरायला खरी दोन-दोन मिनिटं. कारण अशा खेळात सगळे जण सर्वांत हळू संगणकाच्या चालीने चालतात. आठांत एकाचा लॅपटॉप जुना असेल, तर आठही जण त्या लॅपटॉपवर खेळताहेत असं समजा. शिवाय तो 32 बिटांचा जमाना. एका प्रोग्रामला साधारण 2 जीबी मेमरी, ती भरली की ऐन रंगात आलेला डाव बंद.

पुढे 2012 साली त्याच धर्तीचा प्लॅनेटरी अ‍ॅनिहिलेशन जाहीर झाला. लोकवर्गणीतून 9 लाख डॉलर मागितले, 22 लाखांच्या वर जमले. सप्टेंबर 2014 मध्ये खेळ बाहेर पडला तेव्हा निम्मे लोक खूश, निम्मे नाराज. तेव्हा आता कोणी शंका काढली तर त्याला नाट लावणारा म्हणू नका.

एवढ्या रणगाड्यांनी रस्ता शोधण्याचा प्रश्न थोडक्यात सांगतो, कारण तो पुणेकरांना शिकवायला नको. लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर, कुमठेकर, चारही रस्त्यांनी विसर्जनाला गणपती मंडळं निघतात आणि अलका टॉकीजच्या चौकात येऊन मिळतात. प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याने ‘मी कुठून जाऊ’ हे स्वतंत्र विचारत बसायचं, की चौकाचौकात एकदाच बाण लावून ठेवायचे? जुने खेळ पहिला मार्ग घ्यायचे. आता बाणांची पद्धत आली, तिला फ्लो फील्ड म्हणतात. मुक्काम एक असेल, तर बाणांचा नकाशा एकदाच काढायचा आणि तो हजार रणगाड्यांनी वापरायचा. काम बरंच हलकं होतं. चौक मात्र रुंद होत नाही. अरुंद पुलावर कोंडी व्हायची ती होतेच.

आता हरणाकडे येऊ.

1997 साली अमेरिकेत डॅलसच्या एन्सेम्बल स्टुडिओजने एज ऑफ एम्पायर्स काढला. आठ जण एकत्र खेळणार, टेलिफोनच्या तारेवरून, 28.8 किलोबिटचा मोडेम लावून. तोच तो, जोडताना किंचाळणारा. संगणक पेंटियम 90, मेमरी 16 एमबी. या तुटपुंज्या सामानावर त्यांना पंधराशे धनुर्धारी नाचवायचे होते.

हिशेब करून बघा. एका धनुर्धाऱ्याची फक्त जागा कळवायची, त्याला 4 बाइट धरू. पंधराशे चोक सहा हजार. मोडेम सेकंदाला फार तर 3600 बाइट नेणार. म्हणजे सगळ्यांच्या जागा सेकंदातून एकदाही सांगून होत नाहीत, आणि कोण जखमी, कोण कुणावर धावून जातोय, हे तर अजून सांगायचंच आहे. मग त्यांनी काय केलं? जागा कळवायच्याच नाहीत! फक्त हुकूम कळवायचे.

ढोल-ताशा पथक डोळ्यांसमोर आणा. पन्नास ढोल आहेत. एकाच्या ढोलाचा आवाज दुसऱ्याच्या ढोलात कोणी नेऊन ओतत नाही. ताशाचा इशारा आणि टोलाचा ठोका सगळ्यांना पोहोचतो, बाकी ज्याचा तो वाजवतो, आणि ऐकणाऱ्याला एकच नाद वाटतो. (विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, पथकात दोनशे ढोल घातले म्हणजे वादन भारी होत नाही. पन्नास पुरेत. बाकीचे दीडशे रस्ता अडवतात. असो.) खेळातही तसंच. आठही संगणकांवर आख्खी लढाई स्वतंत्र चालू. तारेवरून जातात फक्त हुकूम : अमुक धनुर्धारी तमुक जागी. काळाच्या छोट्या पाळ्या पाडलेल्या, एक पाळी साधारण 200 मिलिसेकंदांची. या पाळीत दिलेला हुकूम दोन पाळ्यांनी, आठही ठिकाणी एकाच पाळीत अमलात येणार. नशिबावर सोडलेल्या गोष्टींसाठी फासे टाकायचे तेही सगळीकडे सारखेच पडतील अशी तजवीज. पुन्हा सांगतो, लढाई तारेवरून जात नाही, हुकूम जातात.

आणि इथे ते हरीण येतं. रानात चरणारं, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेलं. खेळ सुरू होताना नकाशा तयार झाला, आणि एका संगणकावर त्या हरणाचं तोंड जरासं वेगळ्या दिशेला राहिलं. किंचित. डोळ्याला कळणार नाही इतकं. सात ठिकाणी हरीण एका बाजूला चरत गेलं, आठव्या ठिकाणी थोडं दुसरीकडे. कुणाच्या लक्षात आलं नाही. काही मिनिटांनी एक गावकरी भाला घेऊन शिकारीला निघाला. सात ठिकाणी तो सरळ गेला, आठव्या ठिकाणी त्याची वाट केसभर वाकडी झाली. सात ठिकाणी भाला लागला, आठव्या ठिकाणी हुकला. सात ठिकाणी घरी मांस आलं, आठव्या ठिकाणी गडी रिकाम्या हाताने परत. आता त्या आठव्या संगणकावर अन्न कमी. अन्न कमी म्हणजे पुढचा शिपाई उभा राहत नाही. इथून पुढे आठ जण एकच लढाई खेळतोय असं समजताहेत, आणि खेळताहेत दोन वेगळ्या!

खेळ दर थोड्या वेळाने आठही संगणकांवरच्या आकड्यांच्या बेरजा ताडून बघायचा. बेरीज जुळली नाही की डाव मोडला. पण बेरीज काय सांगते? अन्नाचा आकडा चुकला, एवढंच. हरीण सांगत नाही. पॉल बेटनर आणि मार्क टेरानो या दोघांनी 2001 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्ससाठी हे सगळं लिहून ठेवलंय. एक चूक शोधायला 50-50 एमबीच्या नोंदी चाळाव्या लागायच्या. सुरुवात अन्नाच्या आकड्यापासून करायची आणि उलट्या पावलांनी भाल्यापर्यंत, वाटेपर्यंत, हरणापर्यंत जायचं. कात्रजला प्राणिसंग्रहालयात गेलात की तिथल्या चितळांकडे एकदा या नजरेने बघा.

आता परत या त्या दहा हजारांकडे. दहा हजार रणगाडे चित्रात दाखवणं आज अवघड नाही, ते काम ग्राफिक्स कार्डाचं. पण आतली लढाई, म्हणजे कोण कुठे आहे, कुणाचा गोळा कुणाला लागला, हे प्रोसेसरवर, म्हणजे संगणकाच्या मेंदूवर चालतं, आणि बऱ्याचदा त्याच्या एकाच कोअरवर. कोअर म्हणजे त्या मेंदूतला एक स्वतंत्र कामगार. काम चार कोअरांत वाटलं आणि कुणाचा हिशेब आधी झाला यावर निकाल ठरायला लागला, की प्रत्येक घरी निकाल निराळा. दशांशानंतरचे आकडे दोन संगणकांनी निराळ्या तऱ्हेने जवळच्या आकड्यावर आणले, तरी तेच. म्हणजे दहा हजार हरणं मोकळी. हा प्रश्न नव्या खेळवाल्यांनी कसा सोडवलाय, हे झलकीत दिसत नाही.

म्हणून अशा खेळासाठी नवा संगणक जुळवणार असाल तर तापकीर गल्लीत जाऊन आधी प्रोसेसर बघा. एका कोअरचा वेग चांगला हवा, कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली झटपट मेमरी, मोठा हवा. रंगीत दिवे लावलेले पंखे घेऊ नका. घरात रोषणाई हवी तर माळ मिळते की, दीडशे रुपयांत. आणि राउटरपासून संगणकापर्यंत केबल टाका. हुकमाला पाव सेकंद उशीर झाला तरी माणसाला कळत नाही, एज ऑफ एम्पायर्सवाल्यांनी हे तपासून पाहिलं होतं. अर्धा सेकंदही चालतो, पण तो कायम अर्धाच हवा. घटकेत पटकन, घटकेत रेंगाळत, हे हाताला सहन होत नाही. वायफायवर नेमकं तेच होतं.

आगाऊ पैसे भरू नका. वेळ कमी आहे म्हणून भराभर सांगतो. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात खेळ घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत, आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसे परत मागता येतात. ते दोन तास कथेत घालवू नका. सरळ स्कर्मिशमध्ये, म्हणजे कथेविना सुट्या लढाईत जा. सर्वांत मोठा नकाशा, संगणकाचे जास्तीत जास्त शत्रू, सैन्याची मर्यादा वरच्या टोकाला. चाळिसाव्या मिनिटाला हातातल्या घड्याळाशी ताडून बघा. खेळातलं एक मिनिट साठ-सत्तर सेकंदांत जातंय, उत्तम. नव्वदच्या पुढे, पैसे परत. मग दोनशे रणगाडे एका अरुंद पुलावरून पाठवा आणि किती पलीकडे पोहोचतात ते मोजा. शेवटचा अर्धा तास मित्राबरोबर खेळा. एकाकडे इंटेलचा प्रोसेसर, दुसऱ्याकडे एएमडीचा असेल तर फारच छान. डाव संपला की त्याचा रिप्ले लावा आणि वेग वाढवून पळवा. अशा खेळांच्या रिप्लेत चित्रीकरण नसतं, नुसते हुकूम साठवलेले असतात, लढाई पुन्हा पहिल्यापासून लढली जाते. प्रत्यक्षात तुम्ही जिंकलात आणि रिप्लेमध्ये हरलात, तर हरीण सुटलंय.

आणि ते दोन तास खेळ चालू असेपर्यंत मोजले जातात. चहाला उठणार असाल तर खेळ बंद करून उठा. नमस्कार.