तुरीच्या शेंगांवर गुरू

(दृश्य : तुरीचं शेत, पूर्व दिशा, दिवेलागण)

यवतमाळ जिल्ह्यातलं हे शिवार. तूर वाळत आली आहे, कपाशीची शेवटची वेचणी चालू आहे. शेंगांच्या वर जो पिवळट ठिपका लुकलुकत नाही, तो गुरू. इथली म्हातारी माणसं गुरुवारला अजून बेस्तरवार म्हणतात. त्या वाराचा हा मालक. १० जानेवारी २०२६ ला त्याची प्रतियुती. सूर्य बुडायला आणि हा उगवायला एकच वेळ.

(दृश्य : शाळेचा व्हरांडा, पोरांचे हात)

पण आधी दुर्बिणीचा आरसा घडवणारे हे हात बघा. सहा इंची काचेच्या दोन चकत्या, एक पिंपावर चिकटवलेली, दुसरी हातात. मध्ये कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी. पुढे-मागे घासायचं, काच जराशी फिरवायची, आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. पुन्हा तेच. वरच्या काचेला खळगा पडतो, खालची फुगत जाते.

(मूळ आवाज, दहा सेकंद)

ही ८० नंबरची भरड भुकटी, जात्यासारखी घरघरते. बारीक ४०० नंबरला नुसती कुजबुज उरते. शेवटी चकाकीसाठी राळेच्या थरावर सिरियम ऑक्साइडचं गुलाबीसर पाणी. शाळा सुटल्यावर रोज हेच, दोन महिने. आणि एवढं घासून खळगा किती? मधोमध सव्वा मिलिमीटरही नाही. तेवढ्यावर उजेड १२०० मिलिमीटर अंतरावर एका जागी गोळा होतो.

नळी बोअरच्या केसिंग पाइपची, बैठक प्लायवूडची. अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा तेवढा शहरातून चढवून आणला. तिथे आमचा कॅमेरा नव्हता.

(दृश्य : मोबाइल भिंगाला लावून घेतलेलं चित्र)

चित्र हलतंय, सातवीतल्या मुलीचा हात आहे. मधली चकती म्हणजे गुरू, पृथ्वीच्या अकरा पट रुंद. दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरते, म्हणून पोटाशी जराशी फुगलेली. दोन पट्टे दिसतील. आणि बाजूला, एका रेषेत, त्याचे चंद्र. त्यातला गॅनिमीड तर बुध ग्रहापेक्षा मोठा. युरोपा या दुसऱ्या चंद्राच्या बर्फाखाली समुद्र असल्याच्या खुणा आहेत. इथून दोघेही ज्वारीच्या दाण्याएवढेसुद्धा नाहीत.

(दृश्य : आजी, स्टुलावर)

"काल त तीन होते जी मास्तर. आज दोनच दिसून राह्यले."

"आयो गुरूच्या मागं गेला, आजी. बेचाळीस तासांत चक्कर मारते तो."

१० जानेवारी १६१० ला गॅलिलिओलाही दोनच दिसले होते. तिसरा गुरूच्या मागे असावा, असं त्यानं टिपून ठेवलं. आजीनं एक रात्र आधी मोजले होते, म्हणून तिला चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं.

(दृश्य : पश्चिमेला शनी)

शनी लवकर मावळतो, त्याचं चित्रण थोडंच आहे. कडी यंदा जवळजवळ आडवी, सुरीच्या पात्यासारखी, पोरं हिरमुसली. शेजारचा मंद ठिपका म्हणजे त्याचा चंद्र, टायटन. २००५ साली हायगेन्स यान तिथे उतरलं होतं.

(दृश्य : चौक, रात्र)

गेल्या आठवड्यात उंच खांबावरचा हायमास्ट दिवा लागला. गुरूला त्याचं काही नाही. टायटन मात्र शाळेच्या अंगणातून दिसेना.

(दृश्य : बंडीवर दुर्बीण, गव्हाचं शेत, बॅटरीचा उजेड)

वीज रात्रीची, म्हणून ओलितही रात्रीचं.

"थांबा जी मास्तर, येवढा वाफा भरू द्या. मंग पाहतो."