जुन्या नळीला नवं अस्तर

पॉइंट टू टू रिमफायर रायफलच्या नळीत कॅमेरा शिरतोय. आतला व्यास जेमतेम साडेपाच मिलिमीटर. इथे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचा ठसठशीत दिसायला हव्या होत्या. दिसतात ते खड्डे.

रिमफायर काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. जुन्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की मागे क्षार उरायचा आणि हवेतला ओलावा ओढून घ्यायचा. तेलाने तो निघत नाही, पाण्यानेच विरघळतो. गंज न आणणारी काडतुसं १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. तोवर असंख्य नळ्या आतून खाल्ल्या गेल्या होत्या.

आता तीच नळी बाहेरून पाहा. आठ कोन, कारखान्याचं नाव, पेटंटची तारीख, नेम धरायच्या माशीची मूळ खाच. नळी बदलली की हे सगळं रायफलवरून उतरतं. तडा गेला असेल तर बदलावीच लागते. पण केवळ आतून खराब झाली म्हणून बाहेरून धडधाकट पोलाद काढून टाकणं आम्हाला पटत नाही.

म्हणून भोक थोडं रुंद करून आत नवी नळी अस्तरासारखी बसवायची. त्यासाठी हे लेथ. ड्रिलच्या टोकाला गुळगुळीत खुंटी आहे, तिला म्हणतात पायलट. ती जुन्या भोकातूनच पुढे सरकते आणि ड्रिलला भरकटू देत नाही. थोडं आत, पुन्हा बाहेर. कीस झाडायचा, तेल सोडायचं, पुन्हा आत. इथे घाई चालतच नाही. ड्रिल तिरका गेला तर नळीची भिंत एका बाजूला पातळ होते, आणि मग बदलण्याशिवाय गत्यंतर नाही.

भोक आता सुमारे आठ मिलिमीटरचं झालंय. हे लायनर, म्हणजे अस्तर: पोलादाची बारीक नळी, आत तयार खाचा, सोळा इंचांत एक पूर्ण पीळ. पूर्वी ते डाक देऊन बसवत, आता इपॉक्सी गोंद लावतात. बर्मिंगहॅमच्या पार्कर कंपनीने तर या कामाला 'पार्करायफलिंग' असं नावच दिलं होतं. ब्रिटिश लष्कराच्या ली-एनफील्ड रायफलींच्या नळ्यांत असंच अस्तर घालून सरावाच्या पॉइंट टू टू रायफली केल्या गेल्या.

चिकटवलेलं पक्कं झालं की रीमर या कापणाऱ्या हत्याराने चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, मग रिकामं काडतूस ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची खाच. शेवटी क्राऊन, म्हणजे नळीच्या तोंडाची कड. गोळी नळीला इथेच सोडते. ही कड एका बाजूला किंचित जरी झिजली तरी नेम बिघडतो.

हे काम परवानाधारक कारागिराचंच. अनेक देशांत नळीची दाबचाचणी पुन्हा करून घ्यावी लागते.