अपग्रेडनंतर पॅकेज मॅनेजर रेंगाळतो तेव्हा

मंडळी, आजचा विषय वरवर छोटा वाटतो पण यात लोकांचे तासच्या तास जातात म्हणून मला तो नीट बोलायचाय. ऑपरेटिंग सिस्टिम नव्या व्हर्जनवर नेली, लॉगिन झालं, ब्राउझर उघडला, सगळं जागच्या जागी दिसतंय, आणि मग एखादं बारीकसं पॅकेज टाकायला जावं तर पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर उतरवून बसवणारा प्रोग्रॅम, हलायचं नावच घेत नाही. जे काम पूर्वी चुटकीसरशी व्हायचं ते आता पाच पाच मिनिटं चालतं. मग काय होतं, तर आधी मिरर म्हणजे फाइली देणारा सर्व्हर बदलला जातो, मग कॅशे म्हणजे आधी उतरवलेल्या फाइलींचा साठा उडवला जातो, मग कुठेतरी वाचलेल्या चार सेटिंग एकदम टाकल्या जातात, आणि इतकं करून जमलं नाही की सरळ फॉरमॅट. माझं सांगणं एवढंच आहे की काहीही बदलायच्या आधी वेळ नक्की कुठे खर्च होतोय ते बघा. ते कळलं की उपाय बहुतेक वेळा एका ओळीचा असतो.

कारण असं की पॅकेज मॅनेजर एकटा काहीच करत नाही. तो डीएनएसला, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या सेवेला, नाव विचारतो, सर्व्हरवरून इंडेक्स म्हणजे पॅकेजची यादी आणतो, डिपेंडन्सी म्हणजे कोणत्या पॅकेजला दुसरं कोणतं लागतं ते सोडवतो, फाइली डिस्कवर लिहितो आणि शेवटी ढीगभर स्क्रिप्ट चालवतो. अपग्रेडमध्ये या सगळ्याच्या आजूबाजूचं जग बदललेलं असतं, नेटवर्कची कॉन्फिग बदलते, सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल बदलतो, लिनक्सवर सगळ्या सर्व्हिस चालवणारा सिस्टिमडी बदलतो. म्हणून दोष दिसतो पॅकेज मॅनेजरमध्ये आणि असतो भलतीकडे.

तर पहिलं काम, कमांडच्या आधी टाइम लावून ती चालवा. शेवटी तीन आकडे येतात, रिअल म्हणजे घड्याळाचा वेळ, युजर म्हणजे प्रोग्रॅमच्या स्वतःच्या कामाचा वेळ आणि सिस म्हणजे कर्नलने त्याच्यासाठी केलेल्या कामाचा वेळ. रिअल दोन मिनिटं आणि युजर सिस मिळून चार सेकंद असं आलं तर प्रोग्रॅम काम करतच नाहीये, कशाची तरी वाट बघत बसलाय. युजर मोठा असेल तर खरंच काहीतरी गणित किंवा कंपाइल चालू आहे. सिस मोठा असेल तर कर्नलला कोणीतरी सतत हाका मारतंय, याच्यावर पुढे बोलतो कारण ते प्रकरण फार शिकण्यासारखं आहे. एक सावधगिरी, स्नॅपसारख्या पॅकेज मॅनेजरमध्ये तुम्ही चालवता ती कमांड फक्त निरोप्या असते, खरं काम मागे सतत चालणारा प्रोग्रॅम म्हणजे डीमन करतो, तिथे टाइमचे आकडे फसवतात, तिथे चालू प्रोसेस दाखवणारं टॉप उघडून डीमनकडेच बघा. आणि जमलं तर टप्पे वेगळे करा: आधी नुसता अपडेट, मग नुसतं डाउनलोड, उबुंटूच्या ॲप्ट या पॅकेज मॅनेजरमध्ये त्यासाठी डाउनलोड-ओन्ली असा ऑप्शनच आहे, आणि मग इन्स्टॉल. कुठल्या टप्प्यावर गाडी अडते ते दिसलं की निम्मं काम झालं.

आता वाट बघण्याचा प्रकार घेऊ. यात माझा पहिला संशय कायम डीएनएसवर. स्क्रीनकडे बघत बसा आणि थांबे मोजा, ५ सेकंद, १० सेकंद असे ठरावीक मापाचे थांबे दिसले तर जवळपास खात्रीने समजा की नाव शोधण्यात अडकलंय, कारण लिनक्सवर जीलिबसी या मूळ लायब्ररीचा डीएनएस टाइमआउट डीफॉल्टला ५ सेकंदांचा असतो, पहिला नेमसर्व्हर म्हणजे डीएनएसचा सर्व्हर मुका असेल तर ५ सेकंद थांबून मग दुसऱ्याला विचारलं जातं. अपग्रेडनंतर हे होतं कसं, तर नेमसर्व्हरची यादी असलेली रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइल पूर्वी हाताने लिहिलेली होती, आता ती मशीनवरच्याच सिस्टिमडी रिझॉल्व्ह्ड या सर्व्हिसकडे म्हणजे १२७.०.०.५३ या पत्त्याकडे बोट दाखवते आणि ती सर्व्हिस नीट चालू नाही, किंवा उलट, जुन्या व्हीपीएनचा नेमसर्व्हर अजून यादीत पहिल्या नंबरावर बसलाय. गेटएंट किंवा रिझॉल्व्हसीटीएलने मिररचं नाव विचारून बघा, उत्तर क्षणात यायला पाहिजे.

नाव लगेच मिळतंय पण कनेक्शनच लागत नाही असं असेल तर आयपीव्ही६ म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत बघा. मशीनला आयपीव्ही६चा पत्ता तर मिळालाय पण पुढचा रस्ता बंद आहे, अशा वेळी प्रोग्रॅम आधी तिकडून जायचा प्रयत्न करतो, टाइमआउट खातो आणि मग जुन्या पद्धतीच्या आयपीव्ही४ वर येतो. वेबचा पत्ता उघडणाऱ्या कर्ल कमांडला मायनस ४ आणि मायनस ६ लावून तोच पत्ता दोनदा उघडा, फरक लगेच कळतो. ॲप्टला फोर्स आयपीव्ही४ ट्रू अशी सेटिंग देता येते आणि लोक ती टाकून मोकळे होतात, पण मी म्हणेन ती तपासणीपुरती वापरा, कारण तोच बंद रस्ता बाकीचे प्रोग्रॅमही चाचपत असतात, तो राउटरमध्ये नीट करायला हवा.

मेलेल्या रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेज जिथून येतात ते बंद पडलेले साठे, हा तिसरा नेहमीचा प्रकार. उबुंटूचा अपग्रेडर बाहेरच्या रिपॉझिटरी बंद करून ठेवतो, आपण त्या परत चालू करतो पण आत जुन्याच रिलीजचं नाव राहतं. सपोर्ट संपलेल्या रिलीजच्या फाइली तर नेहमीच्या सर्व्हरवरून उचलून जुन्या रिलीजच्या सर्व्हरवर नेलेल्या असतात. सोर्सेसची यादी एकदा डोळ्याखालून घाला, आणि उबुंटू २४.०४ पासून मुख्य यादी सोर्सेस डॉट लिस्टमध्ये नसून त्याच्या शेजारच्या फोल्डरमध्ये वेगळ्या फॉरमॅटमध्ये असते हे लक्षात ठेवा, नाहीतर एकच रिपॉझिटरी दोन ठिकाणी लिहिली जाते.

आणि लॉक. अपग्रेडनंतर मागे आपोआप अपडेट करणारी सर्व्हिस जोरात चालू असते, तिने डीपीकेजीचा, म्हणजे ॲप्टच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणाऱ्या टूलचा, लॉक (एका वेळी एकानेच लिहावं म्हणून असलेलं कुलूप) धरलेला असतो आणि तुमची कमांड रांगेत उभी असते. इथे कळकळीने सांगतो, लॉकची फाइल डिलीट करू नका. ती डिलीट केल्याने समोरची प्रोसेस थांबत नाही, फक्त दोघं एकाच वेळी डेटाबेसमध्ये लिहायला मोकळे होतात. फ्यूजर कमांडने कोणी धरलाय ते बघा आणि त्याचं होऊ द्या.

फेडोरावाल्यांसाठी पटकन. फेडोरा ४१ मध्ये तिथल्या डीएनएफ या पॅकेज मॅनेजरची पाचवी आवृत्ती डीफॉल्ट झाली, तिचा कॅशे वेगळ्या जागी असतो, त्यामुळे पहिल्यांदा सगळा मेटाडेटा म्हणजे पॅकेजची माहिती नव्याने येणारच, त्याला बिघाड समजू नका. साध्या युजरने सर्च केलं आणि मग सुडोने इन्स्टॉल केलं तर दोघांचा कॅशे वेगळा, म्हणून डाउनलोड दोनदा झाल्यासारखं वाटू शकतं. एकाच वेळी किती फाइली उतरवायच्या याचा डीफॉल्ट ३ आहे आणि तो वाढवता येतो. फास्टेस्ट मिरर या ऑप्शनवर मात्र माझा फारसा भरवसा नाही, तो कनेक्शन किती पटकन लागतं ते बघतो, प्रत्यक्ष फाइल किती वेगाने उतरते ते नाही.

आता सिस मोठा असण्याचं प्रकरण. होस्ट मशीन अपग्रेड केलं, त्यावर चालणाऱ्या कंटेनरच्या, म्हणजे आतल्या वेगळ्या बंदिस्त सिस्टिमच्या, इमेजला हातही लावलेला नाही, तरी त्या जुन्या इमेजमध्ये यम हा जुना पॅकेज मॅनेजर चालवला की एक कोर १०० टक्के आणि एकेका पॅकेजला काही मिनिटं, नेटवर्क शांत, डिस्क शांत. झालंय काय, तर यमच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणारं जुनं आरपीएम, पॅकेजची स्क्रिप्ट चालवायच्या आधी उघडे राहिलेले फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलींना मिळालेले नंबर) स्क्रिप्टकडे जाऊ नयेत म्हणून ३ नंबरपासून उघड्या फाइलींच्या लिमिटपर्यंत प्रत्येक नंबरला एक सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलला एक हाक, करतं. लिमिट १०२४ असताना हे कोणाच्या लक्षातही येत नव्हतं. मग डिसेंबर २०१८ मध्ये सिस्टिमडी २४० आलं, त्याने कर्नलमधली वरची मर्यादा प्रचंड वाढवली, आणि कंटेनर चालवणाऱ्या डॉकरच्या सर्व्हिस फाइलमध्ये लिमिट इन्फिनिटी लिहिलेलं असायचं, म्हणजे कंटेनरला मिळालं १,०७,३७,४१,८१६. एकशेसात कोटींच्या वर निरर्थक कॉल, आणि तेही प्रत्येक स्क्रिप्टला नव्याने! ॲप्टच्या जुन्या आवृत्त्यांमध्येही याच जातीचा लूप होता.

हे ओळखायचं कसं, कंटेनरमध्ये यूलिमिट मायनस एन टाकून आकडा बघा, आणि होस्टवरून त्या प्रोसेसला सिस्टिम कॉल दाखवणारं एसट्रेस लावा, एकच कॉल एकेकाने वाढत्या नंबरावर धावताना दिसतो आणि प्रत्येकाला उत्तर एकच, असा डिस्क्रिप्टर नाही. कंटेनर चालवताना नोफाइलचं, म्हणजे उघड्या फाइलींचं, लिमिट साधं ठेवलं की तेच यम सेकंदात संपतं. नवीन आवृत्त्या प्रॉक या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमध्ये बघून फक्त उघडे असलेलेच डिस्क्रिप्टर हाताळतात म्हणून त्यांना हा त्रास नाही. मिरर बदलून, कॅशे उडवून, इमेज पुन्हा बांधून हा प्रॉब्लेम जन्मात सुटला नसता, म्हणूनच मी मोजण्यावर इतका अडून बसतो.

मॅकवर चित्र वेगळं. तिथे मोठ्या अपग्रेडनंतर युजर टाइमच फुगलेला दिसतो कारण होमब्रू किंवा मॅकपोर्ट्स हे तिथले पॅकेज मॅनेजर तयार बायनरी न मिळाल्यामुळे सगळं सोर्समधून कंपाइल करत बसतात. नव्या मॅकओएससाठी बायनरी अजून बनलेल्या नसतील किंवा तुमचं व्हर्जन इतकं जुनं असेल की होमब्रूने सपोर्ट सोडलाय, होमब्रू साधारण शेवटची तीन व्हर्जन सांभाळतं. कमांड लाइन टूल्स नव्याने टाका, आणि मॅकपोर्ट्स असेल तर नव्या सिस्टिमचा बेस टाकून पोर्ट्स मायग्रेट करावेच लागतात, ते टाळून चालत नाही. ॲपल सिलिकॉनवर जुन्या इंटेल मशीनमधून सगळं उचलून आणलं असेल तर ब्रू ही होमब्रूची कमांड रोझेटामधून, म्हणजे इंटेलचे प्रोग्रॅम चालवून देणाऱ्या थरातून, चालतेय का तेही तपासा, होमब्रू युझर-लोकलमध्ये बसलेला असेल तर इंटेलचा, ऑप्ट-होमब्रूमध्ये असेल तर नेटिव्ह. अजून एक, मॅकओएस कॅटालिनापासून नवी एक्झिक्युटेबल पहिल्यांदा चालताना सिस्टिम तिची तपासणी करते, कॉन्फिगर स्क्रिप्ट अशा शेकडो छोट्या फाइली बनवून चालवतात तिथे ते जाणवतं. टर्मिनलला डेव्हलपर टूल्सच्या यादीत टाकलं की ही तपासणी टळते, पण मग टर्मिनलमधून चालवलेल्या कशालाच ती लागू होत नाही, हे माहीत असून करा.

शेवटी इन्स्टॉलच्या टप्प्यावरच अडत असेल तर डीपीकेजीचा लॉग उघडा, प्रत्येक ओळीला सेकंदापर्यंत वेळ असते, दोन ओळींमध्ये मोठी दरी कुठे पडलीये तेवढंच शोधा. बहुतेक वेळा दरीपाशी इनिटरामएफएस म्हणजे बूट होताना लागणारी फाइल बनवणं असतं, किंवा डीकेएमएस प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हर कंपाइल करत असतं, जुने पाच कर्नल पडून असतील तर ते काढा. बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमवर इन्स्टॉलच्या वेळी आपोआप स्नॅपशॉट घेणारा हुक असेल आणि कोटा चालू असेल तर जुने स्नॅपशॉट उडवताना मशीन अक्षरशः घुसमटतं. डीपीकेजी डेटा खरंच डिस्कवर गेला याची खात्री करत करत लिहितं, ते बंद करायला अनसेफ आयओ नावाचा ऑप्शन आहे, तो फेकून देण्याच्या कंटेनरमध्ये खुशाल वापरा, ज्या मशीनवर तुमचं काम आहे तिथे नको, मध्येच लाइट गेली तर अर्धवट फाइली हातात येतील.

आत्ता एकांनी विचारलं की नुसतं थांबून बघितलं तर चालेल का. चालतं, पण कधी ते ओळखा. अपग्रेडनंतर मॅकचा शोधासाठीचा स्पॉटलाइट किंवा लिनक्सवरचा इंडेक्सर सगळी डिस्क वाचत असतो, रिलीजच्या दिवशी मिररवर गर्दी असते, बायनरी अजून बनत असतात, हे एखाद्या रात्रीत किंवा काही दिवसांत आपोआप निवळतं. पाच सेकंदांचे ठरावीक थांबे, मेलेली रिपॉझिटरी आणि तो डिस्क्रिप्टरचा लूप मात्र महिनाभर थांबलात तरी तसेच राहतील.