जावयाच्या दाढीचा फेस

श्रोतेहो, नमस्कार. पाऊस लागला की कोकणात न्हाणीच्या भिंतीला एक पिवळट-तपकिरी बेडूक येऊन चिकटतो. बोटांच्या टोकांना गोल चकत्या, टपोरे डोळे. हा झाडबेडूक. मुलं मागे लागतात, आपण पाळूया! पाळा की. पण बरणीत नको. तो आहे तिथेच, न्हाणीत पाळा.

आता सांभाळायचा कसा? बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. म्हणजे कातडीला लागलं ते अंगात गेलं. म्हणून फिनेल नको, साबणाचं पाणी नको, आणि हाकलायला मीठ टाकतात ते तर मुळीच नको. परत सांगतो, फिनेल नको. उचलायचाच झाला तर आधी हात नुसत्या पाण्याने ओले करा, मागाहून साबणाने धुवा. खाण्याची काळजी नको. भाताच्या शिताकडे तो बघणारही नाही. हलेल तेच त्याचं अन्न. संध्याकाळी न्हाणीतला दिवा लावून ठेवा, किडे आपणहून येतात.

बरं, आता आमच्या आत्याची गोष्ट ऐका. 2023 साली श्रावण अधिक आला होता. धोंड्याचा महिना, म्हणून लेक-जावई मुंबईहून आले. अनारशांचं ताट सजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या न्हाणीत गेली, तर हौदाच्या आतल्या कडेला, पाण्याच्या वर, मूठभर पांढरा फेस! आत्याने सुनेला विचारलं, तिने कानांवर हात ठेवले. कामवाली म्हणाली, मी हौदाला हातच लावला नाही. मग उरलं कोण? जावईबापू! ते डब्यातला तयार फेस फासून दाढी करणारे. (आता ब्रशने घोटून फेस काढायची मजा त्या डब्यात कुठली? असो.) पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलणार कोण? आत्या लेकीच्या कानाशी लागली, "अगं, त्यांना म्हणावं, फेस धुऊन टाकत जा." लेकीने निरोप पोचवला. जावई जेवताना घुम्यासारखे बसले. पुरणाचा धोंडासुद्धा एकच घेतला! शेवटी म्हणाले, "आत्याबाई, मी आल्यापासून दाढीच केलेली नाही. बघा!" आणि गाल पुढे केला.

फेस तसाच. वरून सुकून कडक झाला, पण जाईना. तीन-चार दिवसांनी काका अंघोळीला गेले आणि तिथूनच ओरडले, "अहो, फेसातनं काहीतरी गळतंय!" सगळं घर न्हाणीच्या दारात. फेस खालून ओला होऊन सुटला होता आणि बेडकाची पिल्लं टपटप हौदात पडत होती.

ती होती झाडबेडकीची करामत. मादी अंगातून स्राव सोडते, मागच्या पायांनी घुसळून त्याचा फेस करते आणि त्यात अंडी घालते. बाहेरचा थर वाळतो, आत ओल टिकते. फेस पाण्याच्या वरच लावायचा, म्हणजे पिल्लं थेट पाण्यात.

तेव्हा श्रोतेहो, हौदावर असा फेस दिसला तर खरवडू नका. परत सांगतो, खरवडू नका. डासांसाठी हौदात गप्पी मासे सोडले असतील तर ते आधी दुसरीकडे हलवा, ते पिल्लं खातात. आणि तो हौद पावसाळाभर विसरा. अंघोळीला बादली आहेच.