दगड नुसता दळला तर चिकणमाती होत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

दोन वाट्या घ्या. एकीत गारगोटीची मैद्यासारखी बारीक पूड, दुसरीत वाळवून कुटलेली चिकणमाती. दोन्हींत थोडं पाणी घालून मळा. चिकणमातीचा गोळा होतो, तो वळून दोरी करता येते, वाळल्यावर कडक ढेकूळ राहतं. गारगोटीची पूड मात्र वळायला गेलं की तुटते आणि वाळली की बोटानं चुरगळते. बारीक तर दोन्ही आहेत. पण गारगोटीची पूड हा निव्वळ दगडाचा चुरा आहे, आणि चिकणमातीतली बरीचशी खनिजं मूळ दगडात नव्हतीच. दगड कुजल्यावर ती नव्यानं घडली.

ऊन-थंडी, मुळं आणि भेगांत गोठणारं पाणी दगड फोडतात. त्यानं खनिज बदलत नाही, पृष्ठभाग तेवढा वाढतो. एक सेंटिमीटरच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच एक मिलिमीटरचे तुकडे केले की ६०. पुढचं काम पाण्याचं. पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतो, सामू साधारण ५.६. मातीत मुळं आणि जीवाणू श्वास घेत असतात, त्यामुळं तिथल्या हवेत हा वायू बाहेरच्यापेक्षा दहापट, कधी शंभरपटही असतो.

आता ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पार या खनिजाचा एक दाणा जवळून पाहू. ताजा असताना त्याचे सपाट पैलू चमकतात. आम्लधर्मी पाण्यातला हायड्रोजन आत शिरतो, पोटॅशियम बाहेर पडून वाहून जातं. या फेल्डस्पारमध्ये ॲल्युमिनियमच्या एका अणूमागं सिलिकॉनचे तीन असतात. त्यातले दोन पाण्याबरोबर जातात, एक उरतो. ॲल्युमिनियम सहसा विरघळत नाही, ते जागेवरच राहतं. उरलेल्यातून केओलिनाइट हे चिकणमातीचं खनिज तयार होतं. दाण्याची चमक जाते, तो पांढुरका होतो आणि नखानं खरवडला तर पीठ निघतं. शेजारचा गारगोटीचा दाणा तसाच राहतो, तीच पुढं वाळू.

कोणतं खनिज आधी कुजतं याचा क्रम सॅम्युअल गोल्डिच या अमेरिकन भूवैज्ञानिकानं १९३८ साली मांडला. काळ्या दगडांतल्या खनिजांपैकी ऑलिव्हिन सर्वांत आधी, मग पायरॉक्सिन. गारगोटी सगळ्यांत शेवटी. अभ्रकाची तऱ्हा थोडी वेगळी आहे. त्याचे थर बरेचसे शाबूत राहतात, कडांकडून पोटॅशियम हळूहळू निसटतं आणि त्यातून इलाइट, व्हर्मिक्युलाइट ही चिकणमातीचीच खनिजं मिळतात.

मूळ दगड कोणता याला महत्त्व आहेच, पण आमच्या मते खरा निकाल निचरा लावतो. पाणी साचून राहिलं, सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम तिथंच राहिले, तर मॉन्टमोरिलोनाइट घडतं; ते चिकणमातीच्या स्मेक्टाइट या खनिजगटातलं. पाणी सतत झिरपून जात राहिलं तर केओलिनाइट. पाण्यानं विरघळवून नेणं फारच झालं तर सिलिकाही संपते आणि गिब्साइट हे ॲल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड उरतं. म्हणूनच एकाच दगडाच्या टेकडीवर उतारावरची माती आणि सखल भागातली माती वेगळी निघू शकते.

केओलिनाइटचे थर एकमेकांना घट्ट धरलेले असतात, मधे पाणी शिरत नाही. स्मेक्टाइटचे थर सैल असतात. पाणी शिरलं की ते फुगतं, वाळलं की आकसतं आणि जमीन भेगाळते. त्याच्या थरात ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसल्यानं ऋणभार उरतो, आणि तो कॅल्शियम, पोटॅशियम, अमोनियम धरून ठेवतो. ही धारणशक्ती १०० ग्रॅमला केओलिनाइटमध्ये ३ ते १५ मिलीइक्विव्हॅलंट (धरलेला भार मोजायचं एकक), स्मेक्टाइटमध्ये ८० ते १५०. दोन जमिनींत चिकणमातीचं प्रमाण सारखं असलं, तरी खत धरण्याची ताकद सारखी असेलच असं नाही.

प्रमाण पाहायचं तर पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश चाळलेली माती, वर पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर घाला. रात्रभर भिजू द्या, मग पाच मिनिटं जोरात हलवा. एका मिनिटात बसलेली वाळू, दोन तासांत बसलेला पोयटा म्हणजे वाळूहून बारीक गाळ, त्यानंतर दिवसभर किंवा जास्त वेळ बसत राहते ती चिकणमाती. प्रत्येक वेळी बाटलीवर खूण करा. माती खारी किंवा चुनखडीची असेल तर कण गुठळ्या होऊन लवकर बसतात, पाणी अर्ध्या तासात निवळतं आणि चिकणमाती पोयट्यात मोजली जाते. वरचा ओला थर पाण्यानं फुगलेला असतो, म्हणून तो खऱ्यापेक्षा जाड दिसतो.

खनिज कोणतं हे मात्र बाटली सांगत नाही. तोच थर ताटलीत वाळवा. रुंद भेगा पडल्या तर स्मेक्टाइटचा संशय घ्यावा. खात्री प्रयोगशाळेत क्ष-किरण विवर्तनानं होते, म्हणजे खनिजावर क्ष-किरण पाडून त्याच्या थरांतलं अंतर मोजतात: केओलिनाइटच्या थरांतलं अंतर ०.७ नॅनोमीटर येतं, आणि ग्लायकॉल या थरांत शिरणाऱ्या द्रवाची वाफ दिली की स्मेक्टाइटचं १.७ पर्यंत वाढतं.