पावणेनऊ मीटरचे विमान, साडेतीन सेंटिमीटरचे चक्र

दिल्लीत पालम येथील भारतीय वायुसेना संग्रहालयात इंदूरच्या रामबागेतून सहलीला आलेली मुले नॅट विमानाशी आपली उंची ताडून पाहत आहेत. नाकापासून शेपटीपर्यंत पावणेनऊ मीटर आणि पंखांची रुंदी जेमतेम पावणेसात मीटर, असे हे लहानखुरे लढाऊ विमान बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये परवान्याने बांधले जात असे. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानच्या सेबर विमानांशी त्याने दिलेल्या झुंजींमुळे त्याला ‘सेबर स्लेअर’ म्हणजे सेबरचा संहारक हे नाव पडले.

याच संग्रहालयात नॅटचे वैमानिक फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांचा पुतळा आहे. मुले ज्याला हात लावू पाहतात ते विमान सेखों यांचे नव्हे, त्याच जातीचे आहे. त्यांचे स्वतःचे नॅट १९७१ च्या युद्धात काश्मीरच्या डोंगरांत कोसळले. सेखों यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले आणि वायुसेनेतील ते या सन्मानाचे आजवरचे एकमेव मानकरी आहेत.

आता हे चक्र जवळून पाहू. साडेतीन सेंटिमीटर व्यासाचे ब्राँझचे हे पदक जांभळ्या फितीवर लटकते. मधोमध राजमुद्रा आणि तिच्याभोवती इंद्राची चार वज्रे आहेत. ज्यांच्या अस्थींपासून वज्र घडले त्या दधीची ऋषींची कथा पुराणातून उचलून पदकावर आणणारी स्त्री एका मराठी घरची सून होती, हे आपल्या मुलांना सांगितले जात नाही, आणि ते सांगितलेच पाहिजे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या ईव्ह यांनी १९३२ मध्ये लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह केला आणि त्या सावित्रीबाई झाल्या. मराठी, हिंदी आणि संस्कृत शिकल्या, पुराणे मनापासून वाचली. स्वतंत्र भारताची शौर्यपदके घडवण्याचे काम मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी आराखड्यासाठी सावित्रीबाईंना विचारले. २६ जानेवारी १९५० रोजी हे पदक अधिकृतपणे अस्तित्वात आले.

इंदूरच्या कसेरा बाजारात धातूवर कोरीवकाम करणाऱ्या एका कारागिराला आम्ही पदकाचे चित्र दाखवले. त्यांनी खडूने एक वज्र रेखले आणि समजावून सांगितले, की पदक ज्या ठशाने पाडतात त्या ठशामध्ये सारे उलटे कोरावे लागते. पदकावर जिथे उठाव हवा तिथे ठशात खळगा, आणि डावे ते उजवे. चार वज्रे एकसारखी यावीत यासाठी हात किती स्थिर असावा लागतो, ते त्यांच्या बोटांकडे पाहिले की कळते.

पहिले परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मिळाले. ते सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे दीर. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगरच्या विमानतळाच्या रक्षणासाठी लढताना बडगाम येथे त्यांना वीरमरण आले.

१४ डिसेंबर १९७१ रोजी त्याच विमानतळावर सहा सेबर विमाने चालून आली. धावपट्टीवर बॉम्ब पडत असतानाच सेखों यांनी उड्डाण केले, झुंज दिली आणि ते परतले नाहीत. त्यांचा देह सापडला नाही.