नांगर आणि पंचांग

(सोलापुरात एका वाचनालयाच्या हॉलमध्ये दिलेलं व्याख्यान. रेकॉर्डिंगवरून उतरवलंय, थोडी काटछाट केली आहे, बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)

नमस्कार मंडळी. आज बाहेर ऊन असं आहे की समुद्राचं नाव काढलं तरी बरं वाटावं, म्हणून एवढी गर्दी झाली असणार, माझ्यासाठी नाही हे मला माहीत आहे. हॉलबाहेरच्या बोर्डवर विषय लिहिलाय "शिडाच्या बोटीतून कोकण : नांगर टाकायच्या शांत जागा", तो वाचून एका काकांनी मला मघाशीच विचारलं की समुद्रात नांगर कशाला, तिथं काय ज्वारी पेरायची का. हसू नका, मी गेली आठ वर्षं दर हिवाळ्यात मित्राच्या तीस फुटी बोटीवर जातोय आणि मला आता वाटतं की काकांचा प्रश्न एकदम बरोबर आहे.

म्हणजे बघा, आपल्या मराठीत शेतातला नांगर आणि बोटीचा नांगर हा एकच शब्द आहे. आणि काम पण एकच, जमिनीत घुसायचं. 1933 साली जी. आय. टेलर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने जो नवा अँकर काढला त्याचा आकार चक्क फाळासारखा होता आणि तो अजून जगभर बोटींवर दिसतो. आता तुमच्यापैकी ज्यांनी शेती केलीय त्यांना मी शिकवायची गरजच नाही, नांगर आडवा ओढला की फाळ मातीत जातो, मागून रुमणं दाबलं आणि टोक वर उचललं की सुटून वर येतो. बोटीचं अगदी तेच आहे. लोकांना वाटतं नांगर जड असतो म्हणून बोट धरतो, तसं नाही, ओढ आडवी असते म्हणून धरतो, आणि ओढ आडवी राहावी म्हणून साखळी भरपूर सोडायची. पाणी 4 मीटर, त्यात भरतीचे 2 मीटर अजून चढणार, बोटीचं नाक पाण्यापासून 1 मीटर वर, झाले 7, त्याची पाचपट म्हणजे 35 मीटर साखळी. दोरी असेल तर सातपट. नवीन माणूस काय करतो, 4 मीटर पाणी दिसलं की 10 मीटर साखळी सोडतो आणि जेवायला बसतो. रात्री भरती चढली की साखळी उभी ताणली जाते, फाळ निघतो, आणि बोट निवांत खडकाकडे चालू लागते.

तळाला माती कुठली आहे हे पण शेतकऱ्यालाच कळतं. आपल्या काळ्या रानात नांगर कसा चावतो तसा खाडीतल्या चिकट चिखलात चावतो. घट्ट वाळूत पण चांगला धरतो. खडकावर एकतर धरतच नाही नाहीतर असा फटीत अडकतो की सकाळी निघतच नाही, मग दोरी कापा आणि पाच-दहा हजार रुपये समुद्राला अर्पण करा.

बरं, मूळ प्रश्न. शांत जागा कुठे आहेत. फोनवर पण सगळे हेच विचारतात, "सर लिस्ट द्या ना". लिस्ट देतो थोडी, पण आधी एक सांगतो, या जागा गुप्त वगैरे काही नाहीत. उलट एके काळी त्या भरगच्च होत्या. मुंबईहून गोव्यापर्यंत बोटी जायच्या, आगबोटी, त्यांना कोकणात नुसतं "बोट" म्हणायचे, पुढच्या काळातल्या कोकण सेवक, कोकण शक्ती ही नावं इथल्या ज्येष्ठांना आठवत असतील. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी त्यांची बंदरं. बोट बाहेर उभी राहायची आणि माणसं पडावात बसून किनाऱ्याला यायची. मग रस्ते झाले, एसटी आली, 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, त्याच्या आधीच बोटी बंद पडल्या होत्या, आणि यातली कितीतरी बंदरं एका पिढीत गप्प झाली. म्हणजे तुम्हाला शांत जागा पाहिजे असेल तर नवीन काही शोधायचं नाही, कुणाची वर्दळ कधी संपली ते शोधायचं. जुना धक्का, कस्टमची पडकी चौकी, एखादा पिंपळ, आणि खाली चार होड्या, असं दिसलं की समजा इथं पूर्वी लोक विचार करून थांबत होते.

पण इथे एक मेख आहे. बोट थांबायची म्हणजे जागा सुरक्षित होती असं नाही. हर्णैला समोर सुवर्णदुर्ग, देखणी जागा, पण बऱ्यापैकी उघडी. आगबोट मोठी, ती तासभर थांबून पुढे जाणार. आपल्याला रात्र काढायची असते.

मग वारा बघा. शाळेत भूगोलात शिकलो ना आपण, खारे वारे आणि मतलई वारे? मी पाठ केलं, मार्क मिळवले आणि विसरलो, कारण सोलापुरात वारा एकच, उन्हाळ्यात तोंडावर येणारा. तिकडे मात्र नोव्हेंबर ते मे अख्खा दिवस याच दोन शब्दांवर चालतो. पहाटे जमिनीवरून मतलई वाहतो, समुद्र सपाट, त्या वाऱ्यावर निघायचं. नऊ-दहाला तो मरतो, मधे थोडा वेळ काहीच नाही, शीड लुळं पडतं, चहा करायचा. दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होतो, चार वाजता त्याचा जोर, सूर्य बुडाल्यावर पडतो. 5 नॉटने, म्हणजे ताशी 5 सागरी मैलांनी, सकाळी 6 ला निघालात तर दुपारी 3 पर्यंत 45 सागरी मैल होतात, तेवढ्यात कुठेतरी आत शिरलेलं बरं. दक्षिणेला जाताना हा वायव्येचा वारा पाठीत, मजा येते. परत येताना तोंडावर, तेव्हा मजा नाही.

म्हणून जागा बघायची ती वायव्येला डोंगराचं टोक असलेली, टोकाच्या आडोशाला दक्षिणेच्या अंगाला. किंवा सरळ खाडीत आत, पहिल्या वळणाच्या मागे. पश्चिमेला उघडा असलेला सुंदर अर्धगोल किनारा, जो फोटोत सगळ्यात भारी दिसतो, तो सोडून द्यायचा.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. दुसऱ्याच वर्षीची गोष्ट. सॅटेलाइट नकाशावर मीच शोधून काढलेली जागा, घोड्याच्या नालेसारखी, लाल कडा, वर माड, एकही घर नाही. मित्र म्हणाला थोडी उघडी वाटते रे, मी म्हटलं वारा तर पडलाय. पडलाच होता. पण वारा पडला तरी लाट पडत नाही ना, दिवसभर वायव्येच्या वाऱ्याने उठवलेली ती लांब, फेस नसलेली लाट रात्रभर येत राहते. वरून रात्री मतलई सुटला, वाऱ्याने बोट एका बाजूला फिरवली आणि लाट बरोबर कुशीत यायला लागली. रात्री दोनला कुकर खाली, पाठोपाठ शेंगाचटणीचा डबा खाली, झाकण उघडं. आता शेंगाचटणी ओल्या फळीवर पसरली की काय होतं हे सोलापूरबाहेर कुणाला सांगून कळत नाही. तो तिखट वास दोन वर्षं बोटीला होता. सकाळी एक म्हातारे नाखवा होडीतून जवळून गेले, आमच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "हय रातीक कोण रवता?" आणि पुढच्या खाडीकडे हात केला.

तेव्हापासून नियम केलाय, दुपारी पोचलो की आधी मच्छीमारांच्या होड्या कुठे बांधल्यात ते बघायचं. त्या रिकाम्या होड्या हाच खरा नकाशा. आणि विचारायचं. "पाणी किती वाव आहे, तळाला चिखल की खडक, डोल कुठे लावलीय" एवढे तीन प्रश्न. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं माप. डोल म्हणजे खाडीच्या तोंडाशी खुंटांना बांधलेली जाळी, त्याचे बोये म्हणजे बऱ्याचदा तेलाचे रिकामे कॅन, अंधारात शून्य दिसतात. जाळं आपल्या बोटीच्या पंख्यात गेलं तर आपलं नुकसान एक वेळचं, त्यांचं पोटाचं. फेरीबोटीच्या वाटेत पण थांबायचं नाही, दाभोळला, बाणकोटच्या खाडीत, जयगडला गाड्या घेऊन फेऱ्या चालू असतात आणि त्यांना तुमच्या सूर्यास्ताच्या फोटोशी काही देणंघेणं नसतं.

आता पंचांग. हा भाग माझ्या सगळ्यात आवडीचा. समुद्राचे अधिकृत नकाशे काढणारं नौदलाचं ऑफिस कुठे आहे माहितीय? डेहराडूनला. भरती-ओहोटीची सरकारी कोष्टकं सर्व्हे ऑफ इंडियाची, ती पण डेहराडूनची. हिमालयाच्या पायथ्याशी! आणि कोकणातला जुना माणूस भरती कशावरून काढतो, तिथीवरून, आणि तिथी बघायला भिंतीवर जे दाते पंचांग लटकत असतं ते कुठून जातं, आपल्या सोलापुरातून. एका बंदरावरच्या चहावाल्याला मी सोलापूरचा म्हटल्यावर तो म्हणाला "अरे वा, पंचांगवाले". चादरीचं नाव पण काढलं नाही त्याने.

हिशेब सोपा आहे, तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, साधारण तीन वाजता पूर्ण भरती, पुढे सहा तासांनी ओहोटी पूर्ण. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास. हे मुंबईच्या बाजूचं गणित, दक्षिणेला मालवणकडे भरती थोडी आधी येते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं पण, अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा फरक कमी. मुंबईला उधाणात चार मीटरच्या वर फरक पडतो, मालवणला साधारण त्याच्या निम्मा. बोट हाकायला सरकारी कोष्टकच घ्या बरं का, पण मोबाइल बंद पडल्यावर पाऊणकी डोक्यात असते हे बरं.

आमच्या बोटीला पाण्याखाली दीड मीटर लागतं. पूर्णगडला मुचकुंदी नदीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, वर किल्ला, आत शांत खाडी, बघून जीव जातो असं ठिकाण, पण आत जायचं तर चढत्या भरतीला आणि परत निघायचं तर पुढच्या चढत्या भरतीला. चढत्या पाण्यात टेकलात तर अर्ध्या तासात पाणीच उचलतं. उतरत्या पाण्यात टेकलात तर बसा. आम्ही बसलोय, पूर्णगडला नाही, दुसऱ्या एका खाडीत, सहा तास, बोट कलंडलेली, चिखलात, आणि काठावर शाळा सुटलेली. त्या पोरांनी आम्हाला इतके प्रश्न विचारले की तुम्ही आज फारच कमी विचारताय.

तर लिस्ट. देवगड, आत शिरलं की पाणी तळ्यासारखं, आपला सिद्धेश्वर तलावच जणू, पण मासेमारीची गर्दी असते. विजयदुर्ग, वाघोटन खाडीचं तोंड, पाणी खोल, किल्ल्याच्या मागे आत गेलं की लाट संपते. तिथून खाडीत थोडं आत गिर्ये-रामेश्वरच्या बाजूला आंग्र्यांच्या आरमाराची जुनी गोदी आहे, खडक कोरून केलेली, जहाज भरतीला आत घ्यायचं आणि ओहोटीला कोरडं करून दुरुस्त करायचं. म्हणजे बघा, आम्ही ज्याला अपघात म्हणून सहा तास बसलो त्याचा त्यांनी कारखाना केला होता. मी तिथे एक अख्खी दुपार काढलीय. मुसाकाजी, नाटे गावाच्या बाजूला, लहान बंदर, आंबोळगड जवळ. निवती, भोगव्याच्या पुढे, लहानशी जागा, हवा चांगली असेल तरच. मालवणला मात्र नवख्याने एकट्याने शिरू नका, सिंधुदुर्गाच्या आजूबाजूला पाण्याखाली खडकच खडक आहेत, शिवाय 1987 पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, तळाला प्रवाळ आहे, त्यावर आपला फाळ फिरवायचा नसतो.

आणि पोलिसांना सांगून जायचं. 2008 नंतर किनाऱ्यावर अनोळखी बोट दिसली की गावकरी फोन करतात, करायलाच पाहिजे. कागदपत्रं जवळ ठेवा, बंदर ऑफिसात नोंद करा, रेडिओ चॅनेल 16 वर ठेवा, तटरक्षक दलाचा नंबर 1554. जून ते सप्टेंबर हा विषयच काढायचा नाही.

प्रश्न आला आहे मागून, ताई विचारताहेत की बोट नाही, पोहता येत नाही, सोलापुरातून सुरुवात कुठून करायची. पोहायला आधी शिका, ते टाळता येत नाही. बोटीचं नंतर बघू. एक काम करा, पंचांगात अष्टमी बघा, पहाटे सहाच्या सुमाराच्या भरतीला विजयदुर्गच्या धक्क्यावर जाऊन बसा, सोबत कडक भाकरी आणि चटणी, झाकण घट्ट लावून. बारापर्यंत उठू नका. समोर नांगरलेल्या होड्यांची नाकं आधी एकीकडे असतात, पाणी उतरायला लागलं की एक लहान होडी आधी फिरते, मग दुसरी, आणि थोड्या वेळात सगळ्या खाडीच्या आतल्या बाजूला तोंड करून उभ्या. कुणी काही ओरडत नाही, इंजिन नाही, काही नाही. एखादी फिरली नाही तर तिचा तळ टेकलाय, तेवढं पाणी तिथे नाही, हे वहीत लिहून ठेवा.

चहा झाला म्हणताहेत. थांबतो.